वळणाचा अध्याय

आमच्या प्रकाशनाचं ऑफिस जुन्या जालन्यात, आमच्याच कापडाच्या दुकानाच्या माळ्यावर होतं. लाकडी जिन्याने वर आलं की डावीकडे धोतरजोड्यांचे गठ्ठे आणि उजवीकडे पुस्तकांचे. खालून थोरले भाऊ ओरडायचे, "लुगडी टाक रे चार!" आणि मी घाईघाईत कधीकधी लुगड्यांच्या जोडीला पुस्तकंही खाली सोडायचो. एकदा एक बाई नऊवारीच्या घडीत गेलेलं पुस्तक परत घेऊन आल्या. "चांगलं हाय," म्हणाल्या, "पण आमच्यात कुणाला लागत न्हाई."

मी फक्त घडलेल्या गोष्टी छापायचो. एखाद्याने जे पाहिलं, केलं, सोसलं, ते त्याने गोष्टीसारखं सांगायचं. पण त्यात मनाने काही घालायचं नाही. कादंबरी नाही, कविता नाही. जिन्याच्या तोंडाशी तशी पाटीही लावली होती. तरी येणारे बहुतेक जण कविताच घेऊन यायचे. "ह्या कविता घडलेल्याच हायेत," असं एकाने शपथेवर सांगितलं. त्याला नाही म्हटलं आणि मग कितीतरी दिवस मला ते खात राहिलं. मला वाईट वाटून घ्यायला फारसं कारण लागत नाही. आमची बायको म्हणायची, "ह्यांच्या पायावर कुणी पाय दिला, तर हेच म्हणतात, माफ करा, मधे आला माझा पाय."

पहिलं पुस्तक अंकुशनगरच्या साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका फिटरचं होतं. गळीत हंगामाच्या आठवणी. पुस्तक निघाल्यावर एका दुपारी एक धडधाकट गृहस्थ जिना चढून वर आले.

"पान कोणतं ते मला माहीत न्हाई," ते म्हणाले, "पण मी मेलोय म्हणे."

लेखकाने एका जुन्या सहकाऱ्याबद्दल लिहिलं होतं, 'आज तो या जगात नाही.' तो बदलून दुसरीकडे गेला होता, आणि पुढे त्याची काही खबर आली नाही एवढ्यावरून लेखकाने त्याला मारून टाकलं होतं. मी खुर्चीतून उठलो, हात जोडले, माफी मागितली.

"माफी काय करायची? व्याही दुखवट्याचं टॉवेल-टोपी घिऊन दारात उभे राह्यले. मीच दार उघडलं. जल्दी जिवंत करा मला."

उरलेल्या प्रतींच्या त्या पानावर आम्ही 'हे गृहस्थ हयात आहेत' अशा चिठ्ठ्या चिकटवल्या. काही वर्षांनी ते खरोखरच वारले, तेव्हा त्या चिठ्ठ्या खोट्या ठरल्या, आणि मला पुन्हा नव्याने अपराधी वाटायला लागलं.

त्यातूनच आमच्याकडे एक पद्धत पडली. पुस्तकात ज्याचं ज्याचं येणं आहे, त्याला छापण्याआधी त्याचा भाग वाचून दाखवायचा. त्याची परवानगी मागायची नाही. त्याने फक्त ऐकायचं, आणि जे घडलं त्यात चूक असेल तर सांगायचं. हा फार शहाणपणाचा नियम आहे, असं मला तेव्हा वाटायचं.

नव्वदच्या आसपास गुरुजी आले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, राजूरच्या बाजूच्या एका खेड्यातल्या बौद्ध वस्तीत वाढलेले, आता जालन्यात स्थायिक. फुलस्केप कागदांची जाडजूड चळत मांडीवर घेऊन ते धोतरांच्या गठ्ठ्यावर बसले.

"कविता न्हाई," ते म्हणाले. तिथल्या तिथे मला त्यांच्याबद्दल आदर वाटला.

"आमच्या गावच्या रस्त्याची गोष्ट हाय. मोठ्या दुष्काळात कामं निघाली, तवा झालेला रस्ता. कुणी खणला, कुणी खडी फोडली, कुठं मोरी बसवली, समदं. फक्त एका ठिकाणी त्याला वळण हाय. तिथं दोन प्रकाशक अडले. एक म्हणले, वळणाचा अध्याय काढा. दुसऱ्यानं कळवलं, वळण जरा सौम्य करा." ते अजिबात हसले नाहीत. "रस्त्याचं वळण सौम्य कसं करायचं, तुम्हीच सांगा."

मी तो अध्याय त्यांच्यासमोरच वाचला. रस्त्याची आखणी सरळ होती. ती वस्तीजवळून जात होती आणि पुढे गावच्या मोठ्या शेतकऱ्याचा, आबांचा, मोसंबीचा बाग कापत होती. पुढच्या दिवशी जिथे खणायचं तिथे चुन्याची फक्की टाकून ठेवायची पद्धत होती. एका सकाळी बाया कामावर आल्या तर फक्कीची रेघ रात्रीतून सरकलेली. ती वस्तीच्या अलीकडेच वळली होती आणि बागेच्या कडेकडेने गेली होती. 'खाली खडक लागला,' असं सांगण्यात आलं; पण रेघ आबांनी हलवली, असं गुरुजींनी नाव घेऊन लिहिलं होतं. गुरुजींच्या आईने त्या नव्या रेघेवर कुदळ मारली. रस्ता बागेच्या दाराशी गेला आणि वस्तीला वीस वर्षं चिखल राहिला.

"खडक होता का?" मी विचारलं.

"आई म्हणती, खडक कुठला, तिथं मी मुगाच्या शेंगा तोडल्यात." मग ते थोडे पुढे सरकले. "आई ऐंशीच्या पुढं हाय. ती हाय तोवर हे छापून यावं, वळणासकट. तसं जमत असंल तर कागद ठिवतो. न्हाईतर चाललो."

मी छापायचं कबूल केलं. मग आमच्या पद्धतीबद्दल सांगितलं.

"म्हंजे ज्यानं रस्ता वाकवला, त्यालाच इचारायचं?"

"विचारायचं नाही. ऐकवायचं. काही चुकलं असेल तर ते सांगतील."

"आन तुम्ही ऐकाल?"

"खरं असेल तर."

"प्रकाशक साहेब, तुम्ही भोळे हायेत का बनेल हायेत, ध्यानात येऊन न्हाई राह्यलं."

ते जिना उतरायला लागले तेव्हा माझ्याने राहवलं नाही. आबा माझ्या आत्याचे थोरले दीर आहेत, लहानपणी सुट्टीत मी त्याच बागेतली मोसंबी खायचो, हे मी त्यांना तिसऱ्या पायरीवर सांगून टाकलं.

"मंग बागेचा थोडा वाटा तुमच्या बी पोटात हाय," गुरुजी म्हणाले आणि खाली उतरून गेले.

पुस्तकात सगळं गावच होतं. घरोघरी जाऊन वाचणं शक्य नव्हतं. म्हणून गावच्या शाळेच्या व्हरांड्यात एका रविवारी सगळ्यांना एकदम ऐकवायचं ठरलं. देवळात गुरुजी आले नसते, शाळा त्यांना चालणार होती. निघताना बायकोने ती चळत पाहिली. "सुटे कागद, आन राजूरच्या रस्त्याची धूळ," म्हणाली, आणि खाली दुकानात जाऊन लाल रंगवलेल्या मांजरपाटाचा एक वार फाडून आणला. त्यात कागद नीट गुंडाळले, वर गाठ मारली. आम्ही कापडवाले, आमच्या घरात काहीही गुंडाळायचं म्हटलं की हात पहिल्यांदा मांजरपाटाकडे जातो. पुढे जे झालं ते त्या एका वारामुळे झालं. तिला मी त्याबद्दल कधी बोललो नाही. ती कापड आणायला निघाली तेव्हा अडवायला हवं होतं ते मीच.

गुरुजी एसटीने येणार होते. मी भावाची स्कूटर घेऊन आधी पोचलो. व्हरांड्यात सतरंज्या पडल्या होत्या. गावात माईक एकच, तो देवळाचा. आणि तो घेऊन आले होते विणेकरी बुवा, जे गावात वर्षानुवर्षं पोथी वाचत आले होते.

"मंदिराचा माईक हाय," बुवा म्हणाले. "पूजेबिगर चालू करत न्हाई."

मला वाटलं, ते माईकची पूजा म्हणताहेत. मी मान हलवली. बुवांनी चौरंग मांडला, माझ्या हातातलं लाल कापडातलं गाठोडं घेतलं, गाठ सोडली. आत सुटे, लांबट, हाताने लिहिलेले कागद. आमच्याकडे लाल कापडातले सुटे कागद म्हणजे काय असतं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. मी स्कूटर सावलीला लावून परत येईपर्यंत पहिल्या पानावर हळद-कुंकू वाहिलं होतं, वर झेंडूचं फूल होतं आणि उदबत्ती लागली होती. बाया पदर घेऊन ओळीने नमस्कार करत होत्या.

तेवढ्यात गुरुजी आईला घेऊन आले.

"हे काय करून ठिवलं?"

"पूजा झाली," बुवा म्हणाले. "बसा. सुरू करू."

"बुवा, ह्ये मी लिव्हलंय. बॉलपेननं."

"समदं कुणीतरी लिव्हलेलंच असतंय."

"मी दीक्षा घेतलेला माणूस हाय. माझ्या कागदाला कुंकू लावायचं न्हाई!"

"तुमच्या कपाळाला लावलं का, गुरुजी? कागदाला लावलंय," बुवा शांतपणे म्हणाले.

गुरुजी मला काहीच बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं. व्हरांड्याच्या पार टोकाला एक बाक होता, तिथे ते आईला घेऊन बसले, तोंड मैदानाकडे करून. आबा सगळ्यात पुढे बसले होते. पांढरंशुभ्र धोतर, हात जोडलेले. मी वाचायला सुरुवात केली.

लोक फार मन लावून ऐकत होते. माझ्या कुठल्याच पुस्तकाला असे श्रोते मिळाले नाहीत. 'मुरूम टाकला' म्हटलं की 'हो' म्हणायचे. 'पाणी मारलं' म्हटलं की 'हो' म्हणायचे. अध्याय संपला की बुवा जयजयकार करायचे आणि सगळा व्हरांडा त्याला साथ द्यायचा. कुठल्यातरी अध्यायानंतर एका म्हाताऱ्याने विचारलं, "ह्याची फलश्रुती काय?"

"म्हणजे?"

"ऐकलं की काय फळ मिळतंय ते. लिव्हलेलं असतंय शेवटी."

"यात तसं काही नाही," मी ओशाळून म्हणालो.

"मंग ऐकायचं कशापायी?"

बाकावरून गुरुजींचा आवाज आला, "रस्ता सरळ होईल!"

लोकांनी ते फळ समजून मान डोलावली.

संध्याकाळ झाली, तरी निम्मंही वाचून झालं नव्हतं. उरलेलं पुढच्या रविवारी वाचू, असं मी म्हटलं तर बुवा दचकले. सुरू केलेलं पारायण असं तोडता येत नाही. रोज त्याच वेळेला, त्याच जागी, संपेपर्यंत. आणि पोथी समाप्तीपर्यंत जागची हलवायची नाही. गुरुजींचा एकुलता एक हस्तलिखित मजकूर चौरंगावर राहिला आणि मी रिकाम्या हातांनी जालन्याला परतलो.

दुसऱ्या दिवसापासून माझं रोज येणं-जाणं सुरू झालं. गुरुजींची आई वस्तीत नातेवाइकांकडे राहिली आणि गुरुजी रोज एसटीने येऊन तिच्याशेजारी त्याच बाकावर बसायला लागले. भावाने स्कूटरवरून कटकट केली. बायको म्हणाली, "आता महाराज झालात, जेवायचं ताट वेगळं काढू का?" ती थट्टा करत होती, पण तिकडे गावात लोक खरंच माझ्या पाया पडायला लागले होते. मी पाय मागे घ्यायचो, ते पुढे सरकायचे. त्यातच मोरीचा अध्याय वाचला गेला; सिमेंटचे पाइप कसे आणले, कसे उतरवले, पहिल्याच पाण्यात एक कसा वाहून गेला. त्या दिवशी एका बाईची आटलेली म्हैस दूध द्यायला लागली. पुढच्या दिवशी आणखी दोघींनी मोरीचा अध्याय परत वाचायची विनंती केली. गुरुजींनी दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"ह्या मोरीत भ्रष्टाचार झाल्ता," ते मला म्हणाले. "त्याच्यासाठी लिव्हलाय अध्याय. म्हशीसाठी न्हाई."

मी परत वाचला. बायांना नाही म्हणायचं माझ्या जिवावर आलं.

आणि मग वळणाचा अध्याय आला. मी मान वर न करता वाचत गेलो. फक्की, बाग, खडक. लोक सुरुवातीला सवयीने 'हो' म्हणत होते. मग एकेक 'हो' गळत गेला. शेवटची ओळ होती, 'आणि आमची वस्ती चिखलातच राहिली.' ती मी वाचली आणि थांबलो. बुवांचे डोळे मिटलेले होते. त्यांना फक्त मी थांबलो एवढंच कळलं असावं. त्यांनी हात उंचावून जयजयकार केला आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने सगळ्या व्हरांड्याने जोरात साथ दिली. आबांनीसुद्धा. हात जोडून, मान लववून. मग त्यांनी मान वर केली आणि आपण कशाचा जयजयकार केला ते त्यांच्या ध्यानात आलं.

बाकावर गुरुजींची आई हसायला लागली. तिचं हसू बराच वेळ थांबेना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आबा आमच्या माळ्यावर हजर. मागून हमालाने मोसंबीचं पोतं आणून टाकलं.

"पाव्हणे, लई छान वाचून राह्यले तुम्ही. फक्त तेवढा अध्याय काढा."

"आबा, काही चुकलं असेल तर सांगा. दुरुस्त करू."

"चुकलं-बिकलं काय न्हाई सांगत. काढा म्हणतो. आपल्यातल्या आपल्यात हाय हे."

मी त्यांना हो म्हणालो नाही. पण नाहीही म्हणालो नाही. 'बघतो' म्हणालो. ते गेल्यावर मी पोत्यातली मोसंबी सोलत विचार करत बसलो, आणि विचार करता करता दोन खाल्ली. दुपारी गुरुजी आले. टोपलीतल्या साली त्यांनी पाहिल्या.

"मी म्हणत होतो," मी सुरुवात केली, "की 'रेघ आबांनी हलवली' च्या पुढे 'असे म्हणतात' एवढं घातलं तर..."

"माझे कागद द्या."

"कागद गावात आहेत. चौरंगावर."

"मंग चला."

स्कूटरवर ते माझ्या मागे बसले होते. त्या वळणावर मी वेग कमी केला तेव्हा सबंध वाटेत एकदाच म्हणाले, "सांभाळून."

व्हरांड्यात लोक जमले होते. वाचायची वेळ झाली होती. बुवांनी माईक लावला होता. आबा आधीच येऊन बुवांशी बोलत होते.

"बुवा, तेवढी दोन-चार पानं काढून ठिवा."

"पूजलेली पोथी हाय, आबा. पान काढलं की पोथी भंगली. अर्ध्या पारायणाचा दोष समद्या गावाला लागंल."

"माझ्या म्हशीला बी लागंल!" मागून एक बाई ओरडली. "आताच कुठं दूध चालू झालंय."

"पान नका काढू," गुरुजी पुढे होत म्हणाले. "समदंच द्या. मी घरी नेतो. माझं पुस्तक खरं हाय म्हणून राहिलं पायजे. कुंकू लावलं म्हणून राहणार असंल तर नको मला."

"समाप्तीपर्यंत हलवता येत न्हाई," बुवा म्हणाले.

"बुवा, ते माझे कागद हायेत!"

"व्हते," बुवा म्हणाले. "एकाला अध्याय काढायचा, दुसऱ्याला पोथी न्यायची. मंग गावानं ऐकायचं तरी काय?"

मी मधे उभा होतो. मी कुणाच्याच बाजूने बोललो नाही. गुरुजींना शब्द दिला होता, आबांना 'बघतो' म्हटलं होतं, आणि आतून वाटत होतं, बुवाच जिंकोत. ते जिंकले की मला काही ठरवावं लागणार नव्हतं.

आबांना राग आवरेना. ते माईकच्या अगदी जवळ उभे होते, आणि त्यांचा आवाज शाळेच्या पत्र्यावरच्या कर्ण्यातून साऱ्या गावभर जात होता. "आन त्यात लिव्हलंय ते बराबर तरी हाय का? मी फक्की हलवली म्हणून लिव्हलंय. मी न्हाई हलवली! मी त्या दिशी रानातच गेल्तो न्हाई!"

मला एकदम हायसं वाटलं. शेवटी कुणीतरी आमच्या पद्धतीप्रमाणे वागत होतं. "मग कुणी हलवली, आबा?" मी विचारलं.

"माझ्या सालगड्यानं."

बाकावरून गुरुजींची आई उठली. काठी टेकत, सतरंजीच्या कडेकडेने येऊन ती आबांच्या समोर उभी राहिली.

"त्याला सांगितलं कुणी?"

आबा बुवांकडे बघायला लागले.

"आबा, मालकाच्या सांगण्याबिगर सालगडी पाणी तरी पितो का? कुणी सांगितलं?"

"मी," आबा म्हणाले. आणि कर्ण्यातून साऱ्या गावाने ते ऐकलं.

मी खिशातून पेन काढलं. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. नियम लागू पडला होता. आखणी आबांनीच वाकवली, हे खरं निघालं. फक्त हात दुसऱ्याचा होता. एवढी एक ओळ दुरुस्त केली की झालं. मी हसतमुखाने गुरुजींकडे वळलो. गुरुजींचा चेहरा पांढरा पडला होता. बाकीचे लोक कुठेतरी दुसरीकडे पाहत होते. त्या वर्षी आबांकडे सालाने कोण होतं, हे व्हरांड्यात सगळ्यांना माहीत होतं. एक मीच नवखा होतो. ते गुरुजींचे वडील होते.

"आई," गुरुजी म्हणाले.

"अंधारात उठून गेल्ते," आई म्हणाली. "परत आले तवा पाय पांढरे झाल्ते, घोट्यापोतर. मीच धुतले."

"मला का न्हाई सांगितलंस?"

"तू कुठं इचारलं? तुला आबा पायजे व्हते. आबा सांगितले."

गुरुजी चौरंगाकडे वळले. बुवांना दया आली असावी. ते हळू आवाजात म्हणाले, "गुरुजी, पोथीत खाडाखोड चालत न्हाई. हाय तसं राहू द्या." कुणीतरी लगेच म्हणालं, "हां, राहू द्या." आबाही म्हणाले, "राहू द्या." आणि माझ्याही तोंडून निघून गेलं, "राहू द्या, गुरुजी." ज्या पूजेवर ते इतके दिवस चिडले होते, तीच आता त्यांच्या वडिलांना झाकून ठेवायला तयार होती. त्यांनी फक्त मान हलवायची होती. कुणीही त्यांना कधी काही विचारलं नसतं. मी तर नाहीच.

"पेन द्या," गुरुजी मला म्हणाले. "बुवा, सरका."

बुवा सरकले नाहीत. पण त्यांनी अडवलंही नाही. गुरुजी चौरंगासमोर मांडी घालून बसले. वळणाचा अध्याय काढला. रोजच्या पूजेने वरची पानं तेला-हळदीने माखली होती, आणि त्यांच्याखालचं हे पानही तेलकट झालं होतं. बॉलपेन उठेना. त्यांनी एकदा गिरवलं, दोनदा गिरवलं. नुसते ओरखडे उमटले. त्यांनी पेन झटकलं, फुंकर मारली, पुन्हा प्रयत्न केला. सारं गाव माना उंच करून पाहत होतं. कोपऱ्यात पेन जरा चाललं आणि कागद सरकला.

बुवांनी अंगठ्याने कागद दाबून धरला. "हितं समासात कोरडं हाय," ते म्हणाले. "हितं लिवा."

गुरुजींनी समासात लिहिलं. मग पान उचलून माईकसमोर धरलं आणि शाळेत वाचतात तसं खणखणीत वाचलं, "माझ्या वडिलांनी आबांच्या सांगण्यावरून फक्कीची रेघ हलवली."

"आबाचं आधी," आई म्हणाली.

त्यांनी दोन ठिकाणी आकडे टाकून शब्दांची जागा बदलली आणि पुन्हा वाचलं, "आबांच्या सांगण्यावरून माझ्या वडिलांनी फक्कीची रेघ हलवली."

"हां. बराबर."

पुस्तक त्या ओळीसकट छापलं गेलं, आणि म्हातारी हयात असतानाच छापलं गेलं. पण मला जास्त आठवतो तो तिथला पुढचा क्षण. आबा उठले. उपरणं खांद्यावर टाकलं आणि कुणाकडे न बघता व्हरांड्याच्या पायऱ्या उतरले. मला वाटलं, गेले. मैदानाच्या मधोमध जाऊन ते थांबले. तिथेच थोडा वेळ उभे राहिले. मग तोंड पाडून परत आले आणि आपल्या जागेवर, सगळ्यात पुढे, येऊन बसले. पारायण अर्ध्यावर सोडून जाण्याची त्यांची छाती झाली नाही.

गुरुजी चौरंगासमोरून उठले नाहीत. त्यांनी मला हाताने बाजूला बसायला सांगितलं, माईक स्वतःकडे वळवला आणि पुढचं पान घेतलं. तो अध्याय डांबराचा होता.